धरून ठेवणं म्हणजे नेमकं काय

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या नावावर एक बग आला. त्यात एकच ओळ होती : 'सॉफ्टवेअर जिवंत पेशींना मेलेल्या दाखवतंय.'

मी जिथे नोकरी करतो तिथे सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या व्हिडिओंचं मोजमाप करणारं सॉफ्टवेअर तयार होतं. मी इंजिनिअर. अकरावीत बायोलॉजीऐवजी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हाच जीवशास्त्राशी संबंध संपला होता, तो या नोकरीने पुन्हा जोडला. माझ्या कोडचं काम साधं आहे. काचेच्या बशीत पेशी सोडतात, त्या तळाला चिकटतात आणि तव्यावर घातलेल्या आंबोळीच्या पिठासारख्या पसरत जातात. किती पसरल्या ते मोजायचं. पसरलेली पेशी म्हणजे नीट चिकटलेली, ठणठणीत. आक्रसून गोल झालेली म्हणजे सुटलेली, बहुधा गेलेली. हा नियम मीच लिहिला होता आणि लिहिताना दुसऱ्यांदा विचार करावासा वाटला नव्हता.

चूक शोधायला दोन दिवस लागले. विभागायची वेळ आली की पेशी आपली बहुतेक पकड स्वतःहून सोडते आणि गोल होते. काही बारीक धागे तेवढे तळाला धरून राहतात. मग एकीच्या दोन होतात आणि त्या दोघी पुन्हा पसरतात. माझं सॉफ्टवेअर ज्यांना मेलेल्या म्हणत होतं, त्यांतल्या बऱ्याचशा बाळंत होत होत्या. नियम बदलला, बग बंद केला.

याच सुमाराला अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्यात माझ्याकडे राहत होते आणि दिवसेंदिवस हरवत चालले होते.

आई गेल्यावर दीड वर्ष ते मिरजेत एकटे राहिले. 'पोरगा पुण्यात लाखाच्या नोकरीवर आणि बाप इथं एकटा चहा करून पितोय,' हे वाक्य मी लग्नाकार्यात तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. शेवटी मी ठरवलं. पॅकर्सचे तीन भाव घेतले, अकराव्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमधली एक खोली रंगवून घेतली, देव्हारा आणला, रेडिओ आणला, त्यांचं लोखंडी कपाटसुद्धा आणलं. सगळे म्हणाले, मुलगा असावा तर असा. मलाही तसंच वाटत होतं.

अण्णांची सगळी नोकरी आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेली. रात्रीच्या गाडीत डाकेच्या डब्यात उभं राहून पत्रं वेगळी करायची, समोरच्या खान्यांत टाकायची, थैल्या बांधायच्या, स्टेशन आलं की खाली द्यायच्या. पिनकोड त्यांना पाढ्यांसारखे पाठ. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाले आणि त्यांची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित होते, मराठी माणूस होते, ही माहिती मला शाळेत नाही, घरात मिळाली. किमान पन्नास वेळा.

तर हा माणूस पुण्यात आल्यावर तीन आठवड्यांत वार विसरायला लागला. गॅस चालू ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहायला लागला. रात्री दोन वाजता दाराशी चाचपडताना दिसायचे. मिरजेच्या घराची कडी डाव्या हाताला आहे, ती शोधत असायचे. एकदा खाली फिरायला गेले आणि आपली विंग कुठली ते आठवेना म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये दीड तास बसून राहिले. मला फोन केला नाही. लाज वाटली म्हणाले. तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टमध्ये काही नाही, जागा बदलली की या वयात कधीकधी होतं असं, होईल सवय.

मी सवय व्हायची वाट बघत होतो.

आता पेशीकडे येतो, कारण मी पुढे जो विचार केला त्याची सुरुवात तिथून झाली. तो बग बंद केल्यावर मला एक प्रश्न चिकटला होता. पेशी धरते म्हणजे काय करते?

माझ्या डोक्यात फेव्हिकॉलचं चित्र होतं. एकदा लावलं की लागलं, निघालं की निघालं. तुमच्याही डोक्यात तेच असेल, कारण आपली भाषाच तशी आहे. जीव जडतो, माया चिकटते, बंध तुटतो. गंमत म्हणजे वैराग्याची आपली कल्पनाही याच चित्रातून येते. फरक इतकाच की तिथे डिंक खरवडून काढणारा मोठा ठरतो.

पेशी असं काही करत नाही. तिच्या पटलावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. माणसात त्यांचे 24 प्रकार आहेत. त्यांचं एक टोक बाहेरच्या धाग्यांना धरतं, दुसरं टोक पेशीच्या आतल्या सांगाड्याला. इथवर चित्र डिंकाचंच. पण 1980 च्या दशकात केंब्रिजमध्ये मार्क ब्रेट्शर या शास्त्रज्ञाने दाखवलं की फायब्रोनेक्टिनला धरणारं इंटिग्रिन पृष्ठभागावर बसून राहत नाही, ते फिरत असतं. पेशी आपल्या पटलाचा तुकडा आत वळवते, त्याची बारीक पिशवी होते, तिला पुटिका म्हणतात. त्या पुटिकेतून इंटिग्रिन आत जातं, तिथे छाननी होते, आणि थोडं मोडीत काढून बहुतेक सगळं पुन्हा पृष्ठभागावर पाठवलं जातं. जवळच्या वाटेने आलं तर काही मिनिटांत, लांबच्या वाटेने आलं तर अर्ध्या तासात वगैरे. त्याच जागी येईल असं नाही. म्हणजे बशीच्या तळाला तासन्‌तास घट्ट बसलेली दिसते ती पेशी आतून सारखी हात काढून घेत असते आणि पुन्हा टेकवत असते.

पसरण्याचंही तसंच. पेशीचं पटल रबर नव्हे. दोन-चार टक्क्यांपेक्षा जास्त ताणलं तर ते फाटतं. मग आंबोळीसारखी पसरणारी पेशी एवढं पटल आणते कुठून? थोडं तिच्या स्वतःच्या घड्या उलगडून, आणि घड्या संपल्या की आतून. पुटिका भराभर पृष्ठभागाकडे येतात आणि तिथे मिसळून जातात. आतली वाहतूक थांबवली तर पेशी टेकते, पण नीट पसरत नाही.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. पेशीच्या आत सूक्ष्मनलिका असतात, पुटिका ज्यांवरून धावतात ते रस्ते. एका औषधाने हे रस्ते विरघळवता येतात. रस्ते गेले की पेशीची पकड सुटेल असं वाटतं ना? उलट होतं. पकडीचे ठिपके मोठे, जाड होत जातात. औषध धुऊन काढलं की रस्ते पुन्हा वाढतात, त्या ठिपक्यांपर्यंत पोचतात, आणि तिथे पकड सैल होते, इंटिग्रिन पुटिकांमधून आत घेतलं जातं. पेशी हलायला मोकळी होते. रस्ते बंद असताना पकड घट्ट होते, हे वाचून मला आमच्या नात्यातली दोन-तीन माणसं आठवली, पण ते असो.

इथपर्यंत मी हे सगळं कुतूहलाने वाचत होतो. अण्णांचा त्यात काही संबंध नव्हता. संबंध लागला तो उलट्या बाजूने.

पुण्यातच, पाषाणच्या आयसरमध्ये, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, नागराज बालसुब्रमण्यम यांची प्रयोगशाळा आहे. आतली वाहतूक पकडीवर काय परिणाम करते याच्या जोडीला, पकड सुटली तर आतल्या वाहतुकीचं काय होतं, हे तिथे अभ्यासतात. त्यांच्या गटाचा 2018 मधला एक शोधनिबंध माझ्या हाती लागला. तो गॉल्जी संकुलाबद्दल आहे. गॉल्जी म्हणजे पेशीचं सॉर्टिंग ऑफिस. शाळेच्या पुस्तकात पोस्टाचीच उपमा देतात. प्रथिनं तिथे येतात, त्यांवर शेवटचे संस्कार होतात, पत्ते ठरतात, पुटिकांत भरून रवानगी होते. (पुटिका बरोबर पत्त्यावर कशी पोचते हे उलगडणाऱ्या तिघांना 2013 चं नोबेल मिळालं. बातमी टीव्हीवर आली तेव्हा अण्णा म्हणाले होते, 'आम्हाला कुणी दिलं नाही ते.') एरवी हे ऑफिस पेशीच्या केंद्रकाजवळ एकत्र, नीट रचलेलं असतं.

त्या गटाने उंदराच्या पेशी तळापासून सोडवून द्रवात तरंगत ठेवल्या. पेशी मेल्या नव्हत्या, अन्न होतं, ऊब होती, सगळं होतं. धरायला तेवढं काही नव्हतं. आणि त्यांचं गॉल्जी विस्कटलं. तुकड्या-तुकड्यांनी पेशीभर पसरलं. पृष्ठभागावर जाणाऱ्या मालाचं गणितही बदललं. मग त्याच पेशींना पुन्हा फायब्रोनेक्टिनवर टेकू दिलं, तर काही मिनिटांत ऑफिस परत एका जागी आलं.

हे मी रात्री वाचत होतो. बाहेरच्या खोलीत अण्णा दाराशी कडी शोधत होते.

अन्न होतं, ऊब होती, देव्हारा होता, कपाट होतं. मी म्हटलं होतं, माणूस काय, कुठेही ठेवला तरी तोच माणूस. त्याचं जे काही आहे ते त्याच्या आत आहे. चार शहरं फिरलेल्या माझ्यासारख्याला असं वाटणं साहजिकही आहे. सहा वर्षांत मी तीन नोकऱ्या बदलल्या. 'कुठेही जायची तयारी' हे मी स्वतःच्या बायोडेटात गुण म्हणून लिहितो.

पेशींच्या दुनियेत या गुणाला दुसरं नाव आहे. साधी ऊतीतली पेशी फार वेळ कशालाच धरू शकली नाही तर ती स्वतःला संपवते. 1994 मध्ये या मरणाला अनॉइकिस हे ग्रीक नाव मिळालं. अर्थ : बेघर होणं. आणि जी पेशी काहीही न धरता मजेत जगते, वाढते, कुठेही जाऊन राहते, तिच्याकडे शास्त्रज्ञ संशयाने बघतात. कर्करोगाच्या पेशी ओळखायची ती एक जुनी खूण आहे.

झालं. मला निबंधाचा शेवट मिळाला होता. मुळं सोडू नयेत, बापाला मिरजेतून हलवू नये, माझी पिढी म्हणजे कॅन्सर. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला अगदी योग्य.

पण मग रक्ताचं काय? तांबड्या पेशी जन्मभर काही न धरता तरंगतात आणि त्यांच्यावरच आपण जगतो. त्यांना कुणी बेघर म्हणत नाही. म्हणजे मला हवा तो निष्कर्ष काढायला मी हवी ती पेशी निवडू शकतो. डेव्हिड ह्यूमने 1739-40 मध्ये छापलेल्या ग्रंथात हीच खोड पकडली होती. लोक 'असं आहे, असं आहे' म्हणत सुरुवात करतात आणि कधी 'असं करावं'वर घसरतात ते त्यांचं त्यांना कळत नाही. पेशीला वडील नसतात. तिला अपराधी वाटत नाही. तिच्याकडून कर्तव्य शिकणं म्हणजे थर्मामीटरला सल्ला विचारणं.

इथे मी बरेच दिवस अडकलो. पेशीपासून काही शिकायचं नसेल, तर त्या रात्री मला एवढं हलल्यासारखं का झालं?

आता मला जे वाटतं ते असं. वस्तुस्थितीतून कर्तव्य निघत नाही हे खरं. पण मी ज्याला माझं कर्तव्य म्हणत होतो तेच मुळात एका वस्तुस्थितीवर उभं होतं, आणि ती चुकीची होती. नातं म्हणजे दोन माणसांमधला डिंक, असं मी धरून चाललो होतो. तो डिंक आहे म्हणजे मी जवळ नसलो तरी नातं आहे. वर्षातून दोनदा मिरजेला गेलो तरी 'आमच्यात काय, भेटायलाच पाहिजे असं थोडंच आहे' असं मी अभिमानाने सांगायचो. आणि त्याच डिंकाच्या भरवशावर मी माणूस उचलून दुसऱ्या गावी ठेवला. माया माझ्याशी आहे ना, मग भिंती कुठल्या आहेत याने काय फरक पडतो? अण्णांची पकड कुठे कुठे होती हे मला माहीतच नव्हतं. डाव्या हाताची कडी. सकाळी स्टेशनवर जाऊन चहा घेणं, गाड्यांची वेळ चुकली का बघणं. समोरच्या मोमीनचाचांशी रोज तेच भांडण. यातली एकेक गोष्ट ते रोज सोडत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरत होते. मी त्यांच्या हातात एकदम एकच मोठी गोष्ट दिली, मी स्वतः, आणि तीही सकाळी नऊ ते रात्री आठ ऑफिसात असणारी.

पॅकर्सचे तीन भाव घेतले, पण अण्णांना मी विचारलंच नव्हतं. सांगितलं होतं. ते 'बरं' म्हणाले होते आणि तो मी होकार धरला होता.

मधेच एक गोष्ट सांगायची राहिली. काही बाळं अशी जन्मतात की त्यांच्या पांढऱ्या पेशींवरचा इंटिग्रिनचा एक गट सदोष असतो. या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरू शकत नाहीत, त्यामुळे बाहेर ऊतीत पोचू शकत नाहीत. त्या रक्तात नुसत्या फिरत राहतात आणि बाळाला एकामागून एक जंतुसंसर्ग होतात. आजार दुर्मीळ आहे, आणि बऱ्याचदा त्याची पहिली खूण म्हणजे नाळ पडत नाही. एरवी आठवड्या-दोन आठवड्यांत गळून जाणारी नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी तशीच. नाळ गळायची तर आधी त्या जागी येऊन धरू शकणाऱ्या पेशी लागतात. जिथे नाळ पुरली त्या गावाला आपण आपलं म्हणतो, नाळ तुटली म्हटलं की आपल्याला वाईट वाटतं. आणि इथे ती न तुटणं हाच आजार.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी शेवटी विचारलं. 'अण्णा, तुम्हाला काय पाहिजे?'

ते बराच वेळ पेपरची घडी करत राहिले. मग म्हणाले, 'मला मिरजेला सोड.'

सोड. मराठीत हा शब्द दोन कामं करतो हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. बापाला सोडलं म्हणजे टाकलं, आणि बापाला स्टेशनवर सोडलं म्हणजे सोबत जाऊन, बॅग उचलून, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहिलं. मी पहिल्या अर्थाला इतका घाबरलो होतो की दुसरा ऐकूच येत नव्हता.

मी त्यांना सोडून आलो.

याचा शेवट गोड झाला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. अण्णांचं डोकं बरंच जागेवर आलं, वार-तारीख नीट सांगतात, गॅसजवळ अजूनही एखाद्या वेळी गफलत होते. पण डिसेंबरात ते न्हाणीघरात घसरून पडले. दूधवाल्या मावशींनी हाक मारली, उत्तर नाही, म्हणून मोमीनचाचांनी मागची खिडकी फोडली, तोवर दोन तास ते ओल्या फरशीवर होते. मला कळलं दुपारी मीटिंगमधून बाहेर आल्यावर. खुब्याचं हाड वाचलं, मनगट मोडलं. मामा फोनवर म्हणाला, 'सांगितलं होतं तुला.' सांगितलं होतं, खरंच. त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही. पुण्यात असते तर पाच मिनिटांत उचलले गेले असते. पुण्यात कदाचित पडलेही नसते, आणि कदाचित आपण कोण आहोत हे आजपावेतो विसरलेही असते. दोन भीतींमधली एक मी निवडली, किंवा त्यांनी निवडली आणि मी मान्य केली. ही निवड बरोबर होती का, हे मला रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि रोज उत्तर तेच येतं असं नाही.

एवढं मात्र बदललं की आता दर दुसऱ्या शुक्रवारी मी रात्रीच्या गाडीने मिरजेला जातो. न्हाणीघरात दांडा बसवून घेतला. जाताना औषधं, येताना धुतलेले डबे. शनिवारी त्यांच्याबरोबर स्टेशनवर चहा. काही विशेष बोलणं होत नाही. कोणती गाडी किती उशिरा ते सांगतात, मी ऐकतो. मित्र म्हणतात, एवढं काय प्रत्येक वेळी जायचं, व्हिडिओ कॉल कर की.

मागच्या महिन्यात काम निघालं आणि माझी एक खेप चुकली. मोमीनचाचांचा नातू पुण्याला परीक्षेला येणार होता, त्याच्या हाती अण्णांनी भडंगाची पिशवी पाठवली. पोरगा सरळ माझ्या दारात येऊन ती माझ्या हातात देणार होता. तरी पिशवीला कागद टाचला होता. मोडून बरं झालेल्या हाताने लिहिलेलं अक्षर थोडं तिरकं, पण सॉर्टरचंच. माझं नाव, फ्लॅट नंबर, विंग, आणि खाली चौकटीत एकेक मोकळं लिहिलेले सहा आकडे.